दुसऱ्या पेटीतले दोन दगड

५ जून

बारकू,

आशीर्वाद आहेतच, पण आधी बोलणी खा. चार महिन्यांत तुझं एक पोस्टकार्ड, आणि त्यातही अर्धा मजकूर हवामानाचा. समुद्रावर वारा कसा आहे ते मला वर्तमानपत्रात वाचता येतं. तू जेवतोस का, झोपतोस का, ते नाही छापत त्यात.

मी सोमवारपासून कामावर जाते आहे. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं. प्रयोगशाळेत सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू मीच आजारी आहे. जिन्याखाली तुमच्या जानेवारीच्या सफरीच्या दोन पेट्या तशाच पडल्या होत्या. पहिल्या खेपेची एक, दुसऱ्या खेपेची एक. सर म्हणाले, "या पेट्या दुसरं कुणी करेल, तुम्ही नका हात लावू." मी म्हटलं, पंधरा वर्षं इथे दगड फोडते आहे, हेही मीच फोडणार. ह्यांनी विंचच्या तारेला पिशवी लावून समुद्राच्या तळातून ओढून काढलेले शेवटचे दगड आहेत ते. परक्या हातात देऊ?

तू मला दगडफोडी म्हणून चिडवायचास. तर ऐक, दगडफोडी काय करते ते. समुद्राच्या तळाशी लाव्हा बाहेर पडला की थंड पाण्याने त्याची कडा क्षणात काचेसारखी गोठते. आतला वायू बुडबुड्यांत अडकून बसतो. दगड तसा नवा, पण त्यातला थोडा वायू पृथ्वी जन्मली तेव्हाचा. तो मी बाहेर काढते. तुकडे पोलादी नळीत घालायचे, आतली हवा पंपाने खेचून घ्यायची, नळी दोन दिवस तापवायची, मग बाहेरून चुंबकाने लोखंडी गोळा उचलून आत दगडांवर आपटायचा. एवढी वर्षं कोंडलेला वायू अर्ध्या तासात मोजून होतो आणि संपतो. परत मिळत नाही.

हे असते तर म्हणाले असते, "तुझे दगड वर येताना मला शिव्या देत होते." तुला आठवतं ना, डेकवर आल्यावर काही दगड तडतडतात. वरच्या पाण्याचा दाब गेला की आतला वायू काच फोडून निघतो. असे बोलणारे दगड हे माझ्यासाठी वेगळे काढायचे, जुन्या लोकरी मोज्यात बांधून.

अहवाल परत वाचला. "वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्याने तिसरी खेप रद्द केली. सर्वांना डेकवरून आत बोलावले. विंचचालक आदेश मोडून मागच्या डेकवर गेला व लाटेने ओढला गेला." खाली कप्तानाची सही, सफरीचे प्रमुख म्हणून सरांची सही, आणि साक्षीदार म्हणून तुझी. मला ह्यांचा राग येतो बारकू. बावीस वर्षं विंच चालवणारा माणूस. कुणी सांगितलं होतं जायला? रडू येतं त्याच्या आधी राग येतो.

आणि त्या रागात मी एक चूक केली. चिऊने विचारलं, बाबा का गेले? मी म्हटलं, "त्यांनी ऐकलं नाही म्हणून." सात वर्षांची पोर. तेव्हापासून ती सगळं विचारून करते. पाणी पिऊ का? उठू का? काल शाळेतून आली आणि दार उघडं असून उंबऱ्याबाहेर उभी राहिली, मी "ये" म्हणेपर्यंत.

तू शेवटच्या दिवशी त्यांच्याबरोबर होतास. बंदरावर त्यांची बॅग माझ्या हातात दिलीस आणि चहासुद्धा न घेता पळालास. अहवालात नाही ते सांग मला. ते काय बोलले, काय खाल्लं, काहीही.

ताई

२२ जून

ताई,

नमस्कार. बोलणी पोचली, पोटभर खाल्ली. इथल्या स्वयंपाक्याच्या हातचं खाण्यापेक्षा तुझी बोलणी चविष्ट.

पत्र लिहायचं राहून जातं कारण काम फार आहे. तुला सांगायचं होतं, मला बढती मिळाली. विंचवर आता मी आहे. भावोजींची जागा. त्यांचं ते गादी फाटलेलं स्टूल अजून तिथेच आहे, मी बदलू दिलं नाही. कप्तान म्हणाले, त्याच्या हाताखाली शिकलास, तूच बस. नाही म्हणता आलं नाही.

शेवटच्या दिवसाचं काय सांगू? अहवालात आहे तेवढंच. सकाळी त्यांनी दोन कप चहा घेतला. खलाशांच्या मुकादमाची, सारंगाची, नव्या बुटांवरून थट्टा केली, म्हणाले, हे बूट तुझ्याआधी बंदरावर पोचतील. चिऊसाठी बटाट्यातून बोट कोरत होते, अर्धी राहिली. ती बॅगेत होती का? सुकली असेल. बाकी वारा होता आणि धावपळ होती. मी पुढच्या बाजूला होतो, मला फार दिसलं नाही.

चिऊला सांग, मामा येताना मोठा शंख आणणार आहे.

एक सांगू? ते दगड तू स्वतः फोडू नकोस. सर म्हणतात ते बरोबर आहे. मनाला त्रास होतो. दुसऱ्या कुणाला दे, नाहीतर राहू दे पेट्या जिन्याखाली. समुद्राच्या तळाला दगड काय कमी आहेत? हवे तेवढे पाठवतो.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

बारकू

९ जुलै

बारकू,

शंखाचं सांगितलं. ती म्हणाली, "मामाला आणायची परवानगी आहे का, विचार." घे, तुलाही विचारायला लावलं.

बोट सापडली. बॅगेच्या तळाशी मोज्यांत होती, बटाटा काळा पडून आक्रसला होता. सासूबाईंनी ती खिडकीत ठेवली आहे. दारावर कुणी टकटक केली की त्या अजून माझ्याआधी उठतात. माणूस सापडलाच नाही, तर त्यांना तरी कसं पटावं?

माझ्या कामाचं फार वाईट चाललं आहे. नीट सांगते, कारण तुझी मदत हवी आहे.

हेलियम माहीत आहे ना, फुग्यात भरतात तो? तो दोन प्रकारचा असतो, हलका आणि जड. जड रोज थोडा थोडा खडकात तयार होत असतो. हलका मात्र बहुतेक सगळा पृथ्वीच्या जन्माच्या वेळचाच. दगडातल्या वायूत हलक्याचं प्रमाण किती, ते हवेशी ताडून बघायचं. साधारण समुद्रतळाचा दगड हवेच्या आठपट निघतो. खूप खोलातून वर आलेला असेल तर वीसपट, कधी त्याहून जास्त. एका जागचे दगड एकसारखेच बोलतात. तो त्या जागेचा ठसा असतो म्हण ना.

पहिली पेटी नीट झाली. सगळे दगड आठपट. दुसऱ्या पेटीत सात दगड आहेत. पाच दगड आठपट आले. दोन एकवीसपट.

मी खुर्चीतून उठलेच. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. चार महिन्यांनी हात लावते आहे, एखादी झडप नीट बंद केली नसेल. पण बाहेरची हवा शिरली तर आकडा खाली येतो, वर जात नाही. मग जुन्या एखाद्या दगडाचा वायू नळीत चिकटून राहिला असेल का? तेवढीच एक शक्यता उरते. म्हणून आख्खी नळी उघडली, प्रत्येक सांधा पुसला, पुन्हा तापवायला लावली. तीन आठवडे यातच जाणार.

आकडे सरांना दाखवले. त्यांनी ते वाचले. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मशीन बिघडलं आहे. ही पेटी सोडून द्या. तुमची मनःस्थिती ठीक नाही, घाई केलीत कामावर यायची." मला तोंडात मारल्यासारखं झालं. पंधरा वर्षांत माझ्या हातून एक मोजणी वाया गेलेली नाही. पण माणूस काळजीने बोलतो आहे असं वाटलं. रविवारी घरीही आले होते, चिऊसाठी रंगीत खडूंची पेटी घेऊन. बराच वेळ बसले. तुझं पत्र येतं का, काय लिहितोस, याचीही चौकशी करून गेले.

तर आता तू एवढंच सांग. दुसऱ्या पेटीतले सातही दगड एकाच खेपेचे आहेत ना? डेकवर कुठला जुना दगड पडला होता, तो चुकून आत गेला, असं काही? आठवून लिही. माझी अब्रू पणाला लागली आहे. माझ्या हातावरचा माझाच विश्वास उडत चालला आहे.

ताई

३० जुलै

ताई,

सामानाची बोट लगेच परत निघते आहे म्हणून चार ओळी.

सगळे दगड एकाच खेपेचे. मी स्वतः पेटी भरली, खिळे मी ठोकले. मशीन जुनं आहे, तूच म्हणायचीस. ते दोन मोठे जाड काचेचे दगड फेकून दे आणि बाकीच्या पाचांवर काम भागव. दगड तो दगड, ताई. एवढा कीस काढून काय मिळणार?

सरांचं ऐक. ते तुझ्या भल्याचंच सांगतात.

चिऊचा शंख घेतला आहे.

बारकू

१८ ऑगस्ट

बारकू,

ते दोन दगड मोठे आहेत आणि त्यांची काच जाड आहे, हे मी तुला लिहिलं नव्हतं. माझ्या पत्राची नक्कल माझ्याजवळ आहे, दोनदा वाचली. सातांपैकी कुठले दोन, हे तुला कसं कळलं?

आता माझं ऐक.

नळी तीन आठवडे तापवली. मग आत काहीही न घालता नुसता गोळा आपटून बघितला. काही नाही, कोरं. नळीत जुन्याचा मागमूस नव्हता. मग त्या दोघांतल्या एकाचा नवा तुकडा घातला. एकवीस. दुसऱ्याचा घातला. एकवीस. साध्या पाचांतला एक घातला. आठ. माझं मशीन ठणठणीत आहे आणि माझे हातही.

मग गेल्या वर्षीची वही काढली. त्या वर्षीच्या सफरीत तुम्ही पाण्याखालच्या डोंगरावरून एक खेप आणली होती. हेच मला घरी येऊन सांगत होते, पिशवी त्या डोंगराला अडकली आणि तार तुटता तुटता वाचली. त्या खेपेचे नऊ दगड मी फोडले होते. नऊच्या नऊ एकवीस. आसपास दुसरीकडे कुठेही हा आकडा आलेला नाही.

यंदाच्या सफरीच्या आखणीच्या कागदात तो डोंगर तिसऱ्या खेपेला ठरलेला आहे. जी वाऱ्यामुळे रद्द केली म्हणून अहवालात लिहिलं आहे ती.

रद्द केलेल्या खेपेचे दगड माझ्या टेबलावर कसे, बारकू?

हा तक्ता मी बुधवारी सरांपुढे ठेवला. त्यांनी बघितलासुद्धा नाही. म्हणाले, "वहीत 'उपकरणदोष' लिहा, पान मला सहीला द्या आणि उरलेले तुकडे टाकून द्या." मी विचारलं, सर, तिसरी खेप झाली होती का? ते म्हणाले, "तुम्ही दुःखात आहात." आणि दार उघडून उभे राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मूर्ख. माझ्या घरी येऊन, माझ्या पोरीला खडू देऊन, हा माणूस तू काय लिहितोस ते काढून घेत होता.

मी वहीत उपकरणदोष लिहिलेलं नाही. दोन्ही दगडांच्या काचेचा मिळून एकच तुकडा उरला आहे, अक्रोडाएवढा. तो काचेच्या नळीत बंद करून माझ्याजवळ ठेवला आहे. फोडला की गेला, म्हणून फोडत नाही.

खेप झाली असेल तर विंच चालू होती. विंच चालू असेल तर विंचवाला डेकवर असणारच. मग आदेश कुणी मोडला आणि आदेश कुणी दिला? मी सात महिने त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देते आहे. त्याच्या पोरीला सांगितलं की तुझ्या बापाने ऐकलं नाही. त्याच्या आईसमोर म्हटलं की स्वतःच्या हाताने गेले. तू हे सगळं माझ्या पत्रात वाचलंस आणि मला शंखाचं लिहिलंस.

तू पाच वर्षांचा असताना विहिरीत डोकावत होतास म्हणून मी तुला झोडपलं होतं आणि मग तुझ्याहून जास्त रडले होते. ती मी विचारते आहे. खरं काय ते लिही.

ताई

६ सप्टेंबर

बारकू,

सामानाची बोट आली आणि गेली. पोस्टाच्या थैलीत तुझं काही नव्हतं. तुमच्या स्वयंपाक्याचं पत्र त्याच्या बायकोला आलं, त्यात तू धडधाकट आहेस असं आहे. तेवढं कळून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाही राग आला.

मी वाट बघते आहे.

ताई

१४ सप्टेंबर

ताई,

आम्ही दुरुस्तीला बंदरात आहोत. जहाजाच्या थैलीतून नको म्हणून हे गावातल्या पोस्टातून पाठवतो आहे. चौथ्यांदा लिहितोय. आधीचे तीन कागद फाडले.

खेप झाली होती.

दुपारी वारा मर्यादेच्या वर गेला. कप्तान म्हणाले, बस झालं, आत चला. सर वर त्यांच्याकडे गेले. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, पण सर खाली आले ते हसत. म्हणाले, एकच खेप, तासाभराचं काम, यासाठी इतक्या लांब आलो आहोत. भावोजींनी वाऱ्याच्या काट्याकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, वरून परवानगी आहे. भावोजी स्टुलावर जाऊन बसले. मला म्हणाले, "तुझ्या ताईचा डोंगर आहे हा, गेल्या वर्षी तिने डोक्यावर घेऊन नाचवला होता."

पिशवी पुन्हा डोंगराला अडकली. तार ताणली गेली, आणि एका लाटेसरशी मागच्या डेकवरच्या कप्पीतून निसटली. तशीच राहिली असती तर कडेला घासून तुटली असती. भोंग्यावरून कप्तानांचा आवाज आला, मागे जाऊन तार कप्पीत बसवा. सगळ्यांनी ऐकला. मागच्या डेकची पाळी माझी होती, ताई. भावोजी उठले आणि म्हणाले, "तू लिव्हर धर. मी हात केला की सैल सोड. तिथलं तुला जमायचं नाही." कमरेला पट्टा बांधून ते गेले.

त्यांनी तार खांद्यावर घेतली. हात केला. मी सैल सोडली. की आधी सोडली? का उशिरा? तेवढ्यात लाट आली, जहाज मागे बसलं आणि तळाशी पिशवी सुटली. तारेला एकदम झटका बसला. मी डोळे उघडले तेव्हा कप्पीजवळ नुसता तुटलेला पट्टा होता. सात महिने मी रोज तोच लिव्हर धरतो आहे आणि रोज मोजतो आहे, हात आधी होता की लिव्हर.

दोन तास शोधलं. मग अंधारायला लागलं म्हणून थांबवलं. पिशवी वर ओढून घेतली, कारण ती तशी लटकत ठेवता येत नाही. डेकवर ओतली आणि दगड तडतडायला लागले. कुणी बोलत नव्हतं, फक्त ते दगड. मला कानात बोटं घालावीशी वाटली.

कप्तानांनी मला खोलीत बोलावलं. सरही होते. कप्तान म्हणाले, "तिसरी खेप लिहिली तर पहिला प्रश्न येईल, लिव्हरवर कोण होतं. तुझ्या बहिणीला काय सांगशील?" मी सही केली. दुसरं काही सुचलंच नाही. सारंगाला हुकूम झाला, हे दगड एकूण एक समुद्रात टाका. मी आणि तो फावड्याने टाकत होतो. दोन दगड माझ्या हातात तडतडले. भावोजी असते तर म्हणाले असते, हे तिच्यासाठी. माझ्याच्याने टाकवेना. त्यांच्या मोज्यात घातले असते, पण बॅग तपासणार होते. म्हणून दुसऱ्या पेटीत सारले आणि खिळे ठोकले. मला काय माहीत, दगड बोलतात ते मेल्यावरही बोलतात. मला वाटलं, तुझ्या हाताला लागतील, तुला कळणारही नाही, आणि त्यांचं शेवटचं देणं पोचेल. एवढंच.

म्हणून म्हणत होतो, तू फोडू नकोस.

हे पत्र वाचून जाळ. जहाजाला कळलं तर माझी नोकरी जाईल, खोट्या सहीबद्दल आत टाकतील ते वेगळंच. आणि लिव्हरचं लोक काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. तुला कळलं, बस. तू मला मार, तोडून टाक, पण दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

बारकू

२ ऑक्टोबर

बारकू,

पत्र जाळलं नाही.

चार दिवस ते पिठाच्या डब्यामागे होतं. चार दिवस मी जेवण करत होते, धुणं धूत होते, आणि येता जाता त्या डब्याकडे बघत होते. तुझ्यावर ओरडावंसं वाटलं. तुला जवळ घ्यावंसंही वाटलं. लिव्हर धरून उभा असलेला तू माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीस. तार आधी सुटली की उशिरा, ते मला कळत नाही आणि मी कळल्याचं सोंगही आणणार नाही. ज्यांना कळतं त्यांनी ठरवावं. पण एवढं मला समजतं, त्या वाऱ्यात त्या डेकवर कुणी असायलाच नको होतं. ना ते, ना तू.

सोमवारी जहाजांच्या अपघातांच्या चौकशी कार्यालयात गेले. वहीच्या पानांच्या नकला, काचेच्या नळीतला तो तुकडा आणि तुझं पत्र, तिन्ही टेबलावर ठेवली. तिथल्या कारकुनाने नळी उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं, हवा. फार जुनी. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मग त्याने तुझं पत्र वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली. पोचपावती दिली. म्हणाला, "दगडाचं आमच्या साहेबांना समजावून सांगावं लागेल. पत्राचं ते म्हणतील, दुःखात लिहिलं. तुमचा भाऊ स्वतः येऊन सांगेल का?" मी म्हटलं, विचारते.

मंगळवारी प्रयोगशाळेत गेले तर माझ्या खोलीची किल्ली चालेना. कुलूप बदललं होतं. सर समोरून आले. म्हणाले, "एका गेलेल्या माणसासाठी तुम्ही वीस जिवंत माणसांचं काम बंद पाडणार." मला वाटलं होतं मी त्यांना खूप काही बोलेन. खडूंची पेटी पिशवीत घेऊन गेले होते, ती त्यांच्या हातात दिली आणि जिना उतरले. पंधरा वर्षांची माझी कपबशी आत राहिली.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी खिडकीतली बटाट्याची बोट उचलली, पदराने पुसली आणि परत ठेवली. रात्री जेवताना म्हणाल्या, "म्हणजे तो वेडेपणा करून गेला नाही." मी म्हटलं, नाही. त्यांनी पुढचा घास घेतला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी पानात वाढलेलं संपवलं.

राहिली चिऊ. तिला समोर बसवलं. म्हटलं, आईचं चुकलं होतं. बाबांनी ऐकलं होतं. त्यांना तिथे जायला सांगितलं होतं म्हणून ते गेले. मला वाटलं रडेल. तिने विचारलं, "मग ऐकायचं की नाही ऐकायचं?"



मग स्वतःच म्हणाली, "मामाला विचारू. तो तिथे होता ना?" मी हो म्हटलं. तुला हुकूम झाला, लिव्हर धर, तू धरलास. हुकूम झाला, सही कर, तू केलीस. दगड टाक म्हणाले, तेवढं एक मात्र तू ऐकलं नाहीस, दोन दगडांपुरतं. त्या दोन दगडांमुळे आज तिला तिचा बाप परत मिळाला आहे, आहे तेवढा.

पुढच्या बंदरात उतर. घरी ये, जेवायला वाढीन. मी तुझ्याशी लगेच बोलू शकेन असं नाही, ते सांभाळून घे. पण आधी चौकशी कार्यालयात जा. मग ये आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर तूच तिला दे.

ती दारात बसली आहे. आज मला न विचारता बसली आहे.

ताई